तिसऱ्या वर्षाच्या तोंडावर मायनर विषय सोडता येतो का? स्वयम्, एक्झिट आणि १३२ क्रेडिटांचा हिशेब

वाशिष्ठीकाठ (प्रश्नकर्ता)

सर्वांना नमस्कार. मी रत्नागिरी जिल्ह्यातील, मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेल्या एका महाविद्यालयात बी.एस्सी. करत आहे. मेजर (मुख्य विषय) रसायनशास्त्र आणि मायनर (जोडविषय) गणित. माझा प्रथम वर्षाचा प्रवेश २०२४-२५ चा, म्हणजे नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांना ज्या वर्षी लागू झाले त्याच वर्षीचा आहे. त्यामुळे वरच्या वर्गातल्या कुणाला काही विचारावे तर त्यांचे नियम वेगळे होते आणि खालच्या वर्गातली मुले उलट आम्हालाच विचारतात.

चार सत्रे झाली आहेत. चौथ्या सत्रातला मायनरचा चार क्रेडिटांचा पेपर राहिला आहे, बाकीचे सगळे विषय सुटले. एप्रिलमध्ये वडिलांची बायपास झाली आणि त्यांची रिक्षा तेव्हापासून दारातच उभी आहे. लोटे परशुरामच्या एमआयडीसीतील एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मला काम मिळाले आहे. आलेल्या मालाचे नमुने घेणे, टायट्रेशन करणे आणि वहीत आकडे भरणे असे ते काम असून माझी पाळी सकाळी सात ते दुपारी साडेतीन आहे, आणि नेमक्या त्याच वेळेत महाविद्यालयाची व्याख्याने असतात. तिसऱ्या वर्षाचे शुल्क मी अजून भरलेले नाही.

माझी आतेबहीण टेक्सासमध्ये शिकते. तिचे म्हणणे असे की, झेपत नसलेला विषय सत्राच्या मध्यापर्यंत सोडता येतो आणि गुणपत्रकावर त्यापुढे नुसते 'डब्ल्यू' असे अक्षर येते, नापास म्हणून नोंद होत नाही. आमच्याकडे अशी सोय आहे का? नसेल तर गणिताचा मायनर काढून टाकून तेवढी क्रेडिट स्वयम् या केंद्र सरकारच्या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवरच्या कोणत्याही अभ्यासक्रमातून भरून काढली, तर पदवी मिळते का? आणि दोन वर्षे पूर्ण झाल्यावर पदविका घेऊन बाहेर पडता येते, असे धोरणात आहे. ती पदविका आत्ता घेऊन दोन-तीन वर्षांनी परत येणे शहाणपणाचे ठरेल का? कार्यालयात विचारले असता 'परिपत्रक आले की कळवू' एवढेच उत्तर मिळाले.

परीक्षा_खिडकी

मी एका महाविद्यालयाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षे काढली आणि शेवटची दोन वर्षे या नव्या आराखड्याच्या तक्त्यांतच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, आपल्याकडच्या राज्य विद्यापीठांत एखादा सुटा विषय सत्राच्या मध्यात सोडून देण्याची पद्धत रूढ नाही. आपण प्रवेश घेतो तो अख्ख्या सत्राला, परीक्षेचा फॉर्म भरतो तोही त्या सत्राच्या सगळ्या विषयांचा, आणि एखाद्या पेपराला बसलो नाही तर तिथे गैरहजर अशी नोंद होऊन तो विषय राहतो. पुढे एटीकेटीच्या परीक्षेत तो सोडवायचा. सोडला म्हणून विषय नाहीसा होत नाही. तो मागे उभाच असतो. त्यामुळे बहिणीचे 'डब्ल्यू' आपण बाजूला ठेवू.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि विद्यार्थीच काय, पुष्कळ प्राध्यापकही इथे चुकतात. पदवीसाठी १३२ क्रेडिट लागतात, एवढेच सगळ्यांना पाठ झालेले असते. महाराष्ट्र शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयात तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ क्रेडिटांची मुभा आहे. मुंबईने प्रत्येक सत्राला २२ याप्रमाणे १३२ धरली. पण ती कशीही गोळा करून १३२ भरायची नसतात. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्यवसाय-कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, फील्ड प्रोजेक्ट, प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण असे वेगवेगळे रकाने आहेत आणि प्रत्येक रकाना आपापल्या जागी भरावा लागतो. वाण्याच्या दुकानात पावशेर साखर कमी पडली म्हणून तेवढे मीठ घालून वजन पुरे करता येत नाही, तसे हे आहे.

तुझा मायनरचा रकाना बघू. दुसऱ्या सत्रात २, तिसऱ्यात ४, चौथ्यात ४, पाचव्यात ४ आणि सहाव्यात ४, असे मिळून १८. त्यातली ६ तुझ्या खात्यात आली, ४ अडली आणि ८ अजून यायची आहेत. मायनर काढून टाकायचा म्हणजे चार क्रेडिटांचा एक पेपर टाकायचा असे नसून अठरा क्रेडिटांचा अख्खा रकाना टाकायचा असा त्याचा अर्थ होतो, आणि त्या रकान्याशिवाय आराखडा पुरा होत नाही. आज तुझी क्रेडिट ८८ पैकी ८४ आहेत. पदवीपर्यंत ४८ हवीत, त्यांतली १२ गणिताची.

तिसरी गोष्ट एक्झिटची. दुसऱ्या वर्षाअखेर मिळणारी पदविका ८८ क्रेडिटांवर आपोआप मिळत नाही. ती ८८ पूर्ण असावी लागतात आणि त्याशिवाय कौशल्य अभ्यासक्रमाची किंवा इंटर्नशिपची ४ जादा क्रेडिट करावी लागतात. अभ्यासक्रमाच्या प्रत्येक पुस्तिकेत तक्त्याच्या खाली एका ओळीत हे छापलेले असते, पण तक्त्याखालची ओळ वाचण्याची आपल्याला सवय नाही. त्या ओळीत पदविका 'मेजर आणि मायनरमधील' असाच उल्लेख आहे. म्हणजे गणित राहिले असताना तुला पदविकाही मिळणार नाही. आत्ता बाहेर पडलास तर हातात चार गुणपत्रके राहतील, प्रमाणपत्र कोणतेच नाही.

शुल्क भरले नाहीस हे उत्तम केलेस. निर्णय होईपर्यंत भरू नकोस, मात्र विलंब शुल्काची तारीख पाहून ठेव. प्रवेश रद्द केल्यास विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत परताव्याचे टप्पे आहेत. प्रवेशाच्या जाहीर अंतिम तारखेच्या पंधरा दिवस आधीपर्यंत पूर्ण, त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, नंतरच्या पंधरा दिवसांत ८० टक्के, तीस दिवसांपर्यंत ५० टक्के आणि त्यानंतर काहीच नाही. मूळ कागदपत्रे महाविद्यालयाला अडवून ठेवता येत नाहीत, हेही त्याच अधिसूचनेत आहे.

आता मला एक विचारायचे आहे. तुझी पाळी सात ते साडेतीन आहे असे लिहिलेस. कारखान्यात दुसरी पाळी असणारच. ती कायमची मागून घेतलीस, तर सकाळची व्याख्याने तरी साधतील का? हजेरी ७५ टक्के लागते. डिफॉल्टरच्या यादीत नाव आले की क्रेडिटांचा हिशेब करण्याची वेळच येत नाही.

लोनस्टार_मावशी

अमेरिकेच्या बाजूचा खुलासा मी करते, कारण हा गैरसमज इथून तिकडे फार जातो.

इथल्या बहुतेक विद्यापीठांत दोन तारखा असतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांतली ॲड-ड्रॉपची तारीख; तोपर्यंत विषय सोडला तर त्याची कुठेही नोंद राहत नाही. दुसरी तारीख सत्राच्या मध्याच्या पुढे कधीतरी असते; तोपर्यंत सोडल्यास गुणपत्रकावर 'डब्ल्यू' उमटते, सरासरीत धरले जात नाही, पण शुल्काचे पैसे सहसा बुडतात आणि ती क्रेडिट पदवीसाठी पुन्हा मिळवावी लागतात. टेक्सासमध्ये तर राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत पदवीच्या सगळ्या काळात मिळून असे सहाच विषय सोडता येतात. म्हणजे सोय आहे, पण फुकट नाही.

आपल्या मुलांसाठी यात आणखी एक खोच आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पदवीच्या विद्यार्थ्याला सत्राला किमान १२ क्रेडिट घ्यावी लागतात आणि त्या पूर्णवेळाच्या हिशेबात ऑनलाइन वर्ग एकच, फार तर तीन क्रेडिटांचा, धरला जातो. माझ्या नणंदेच्या मुलीने रात्री अकरा वाजता खोलीत बसून संगणकावर एक कळ दाबून कॅल्क्युलस सोडले. बारावरून ती नऊ क्रेडिटांवर आली आणि ही गोष्ट तिने आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयाला तीन दिवसांनी सांगितली. परवानगी विषय सोडण्याच्या आधी घ्यायची असते. आजारपण किंवा पहिल्या काळातली अभ्यासाची अडचण अशा मोजक्या कारणांनी कमी क्रेडिटांची मुभा मिळते, पण आधी विचारले तर. तिला पुढे काय काय निस्तरावे लागले ते इथे लिहीत नाही. वाशिष्ठीकाठ, तुमची बहीणही व्हिसावर असेल, तर 'सहज सोडता येतो' हे तिने स्वतःसाठीही एकदा तपासून घ्यावे.

फळा_खडू

मी एका संलग्न महाविद्यालयात गणित शिकवतो आणि स्वयमचा समन्वयक म्हणून तीन वर्षे काम पाहतो. परीक्षा_खिडकी यांच्या उत्तरात स्वयमचा भाग राहिला आहे, तो पुरा करतो.

आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रात असलेल्या अभ्यासक्रमांपैकी ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम स्वयमवरून करण्याची परवानगी संस्थेला देता येते. पूर्वी ही मर्यादा २० टक्के होती. २२ क्रेडिटांच्या सत्रात तुम्ही फार तर ८ क्रेडिटांचा विचार करू शकता. पण वाक्य नीट वाचावे: परवानगी 'देता येते'. कोणता अभ्यासक्रम कोणत्या पेपराच्या बदल्यात चालेल हे विद्वत परिषदेने ठरवायचे असते. स्वायत्त महाविद्यालयाची विद्वत परिषद स्वतःची असते, म्हणून तिथे हे तुलनेने लवकर होते. आपण संलग्न असल्यामुळे आपल्याला विद्यापीठाकडे बघावे लागते. विद्यार्थ्याने आधी मनाने अभ्यासक्रम करावा, प्रमाणपत्र आणून टेबलावर ठेवावे आणि 'सर, आता हे धरा' म्हणावे, असे दरवर्षी चार-पाच वेळा तरी घडते आणि दरवर्षी मला नाही म्हणावे लागते. ते सांगताना माझेच तोंड कडू होते, कारण त्या मुलांनी अभ्यास खरोखर केलेला असतो.

त्यातही जो पेपर देऊन तुम्ही नापास झाला आहात, तो मागाहून स्वयमने भरून काढणे ही अगदी वेगळी बाब आहे. चौथ्या सत्राचा पेपर तुम्ही परीक्षेलाच बसून सोडवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पाचव्या सत्राच्या मायनरसाठी मात्र स्वयमचा अर्ज करून पाहण्यासारखा आहे.

अर्ज करण्याआधी अभ्यासक्रमाची लांबी बघा. स्वयमवरच्या एनपीटेलचा (आयआयटींच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांचा उपक्रम) बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम ३ क्रेडिटांचा मानला जातो, आठ आठवड्यांचा २ आणि चार आठवड्यांचा १. आपला मायनरचा पेपर ४ क्रेडिटांचा आहे. म्हणजे बारा आठवडे रेषीय बीजगणित करूनही एक क्रेडिट अपुरेच राहते, आणि रकान्यात पाऊण पेपर असा प्रकार नसतो. चार क्रेडिटांचे अभ्यासक्रम स्वयमवर इतर समन्वयक संस्थांचे मिळतात. ते शोधा किंवा बारा आणि चार आठवड्यांचे दोन अभ्यासक्रम मिळून चालतील का, हे लेखी विचारा.

नाव नोंदवणे आणि व्हिडिओ बघणे विनामूल्य आहे. एनपीटेलच्या परीक्षेला अभ्यासक्रमामागे १,००० रुपये भरावे लागतात. परीक्षा घरी बसून नसते, केंद्रावर जाऊन द्यावी लागते, आणि केंद्र जवळच्या गावी मिळेलच असे नाही. आमची मुले कधी रत्नागिरीला तर कधी कोल्हापूरला गेली आहेत. गुणांचा हिशेब असा: बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक असाइनमेंटपैकी उत्तम आठ धरून त्यांना २५ गुण, आणि केंद्रावरच्या परीक्षेला ७५. प्रमाणपत्रासाठी २५ पैकी किमान १० आणि ७५ पैकी किमान ३० असे दोन्हीकडे स्वतंत्रपणे लागतात. असाइनमेंटची मुदत आठवड्याच्या ठरलेल्या रात्री संपते आणि नंतर कोणी ऐकून घेत नाही. पाळीवरून आल्यावर डोळे मिटत असताना ती भरणे किती जमेल, हे तुम्हीच ठरवायचे आहे. 'ऑनलाइन' हा शब्द ऐकून काम हलके वाटते. गणितात तरी ते तसे नसते.

सहाव्या सत्रात मात्र स्वयम् ठेवू नका. निकाल थोडा जरी लांबला, तरी अंतिम गुणपत्रक अडते आणि एम.एस्सी.च्या प्रवेशाच्या तारखा कुणासाठी थांबत नाहीत.

आता तुमच्या प्रश्नात तुम्हीच लिहिलेल्या, पण न विचारलेल्या एका गोष्टीकडे वळतो. सहाव्या सत्रात प्रत्यक्ष कामाच्या प्रशिक्षणाची, म्हणजे ओजेटीची, ४ क्रेडिट आहेत आणि ते काम मेजर विषयाशी संबंधित असावे लागते. रसायनशास्त्राचा विद्यार्थी रसायनांच्या कारखान्यात टायट्रेशन करतो आहे, यापेक्षा जवळचा संबंध तो कोणता? आमच्याकडची निम्मी मुले ओजेटीसाठी ओळखीच्या दुकानात नुसत्या सह्या गोळा करत फिरतात. तुम्ही ज्या वहीत आकडे भरता त्या वहीसारखीच स्वतःची एक रोजनिशी आजपासून ठेवा. नमुना कोणता, पद्धत कोणती, द्रावणाची तीव्रता किती, वाचन किती आले, तास किती झाले. खाली पर्यवेक्षकाची सही. मात्र सहाव्या सत्राच्या आधी केलेले तास चालतील का, आणि पगारी नोकरी ओजेटी म्हणून धरतील का, हे विभागप्रमुखांकडून आधी मान्य करून घ्या.

आणखी एक. २०२५ च्या नियमावलीत आयोगाने पदवीचा काळ जास्तीत जास्त दोन सत्रांनी लांबवून दर सत्राला कमी क्रेडिट घेण्याची वाट ठेवली आहे. तुमच्यासारख्यासाठीच ती असावी असे वाटते. परंतु तिची निवड पहिल्या किंवा दुसऱ्या सत्राच्या अखेरीस करायची आहे, त्यामुळे तुमच्या तुकडीला तिचा उपयोग नाही. हे वाचणाऱ्या प्रथम वर्षाच्या मुलांनी लक्षात ठेवावे.

मुदतबाह्य

एक्झिट घेऊन परत आलेला माणूस सहसा भेटत नाही, म्हणून माझा अनुभव लिहितो. मी पुण्यातल्या एका स्वायत्त महाविद्यालयात २०२३-२४ ला बी.कॉम.च्या प्रथम वर्षाला होतो. घरचे दुकान सांभाळण्यासाठी वर्षाअखेर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडलो आणि एक वर्ष सोडून परत आलो.

कागदावर ही वाट सरळ आहे. बाहेर पडल्यापासून तीन वर्षांत परत यायचे, सात वर्षांच्या आत पदवी पुरी करायची. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे विद्यार्थ्याची क्रेडिट जमा ठेवणारे ऑनलाइन खाते, त्यातली क्रेडिटही सात वर्षे टिकतात. प्रत्यक्षात मला तीन ठिकाणी अडकावे लागले. बाहेर पडताना लागणारी जादा चार क्रेडिट उन्हाळ्यात पुरी होतील असे सांगितले होते, पण तो अभ्यासक्रम सुरूच मुळी उशिरा झाला आणि प्रमाणपत्र हातात यायला दिवाळी उजाडली. परत आलो तेव्हा माझा ओपन इलेक्टिव्हचा विषय महाविद्यालयाने बंद केला होता आणि पुढचा भाग दुसऱ्याच विषयात घ्यावा लागला. तिसरे म्हणजे, त्या क्रेडिट बँकेतल्या माझ्या खात्यात दुसऱ्या सत्राची २२ क्रेडिट दिसतच नव्हती. महाविद्यालयाने निकाल चढवलाच नव्हता. डिजिलॉकर उघडून मी पहिल्यांदा बघितले ते परत प्रवेश घेण्याच्या दिवशी, खिडकीसमोर रांगेत उभा असताना. तिथून पुढे बावीस दिवस गेले.

शिष्यवृत्तीचेही बघा. महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरच्या राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्तीच्या अटींत अभ्यासक्रमाच्या काळात दोन किंवा अधिक वर्षांचा खंड चालत नाही. म्हणजे विद्यापीठ तीन वर्षे दार उघडे ठेवते, पण शिष्यवृत्तीचे दार त्याआधीच लागते. मी एका वर्षात परतलो म्हणून वाचलो. तरी गॅपचे प्रतिज्ञापत्र करून द्यावे लागलेच.

हे सगळे असूनही बाहेर पडल्याचा मला पश्चात्ताप नाही. त्या वर्षी मी वर्गात बसलो असतो तर दुकान बंद झाले असते. वरच्या दोघा ज्येष्ठांचा सूर 'काहीही करून टिकून राहा' असा आहे, तो मला पूर्ण पटत नाही. फक्त बाहेर पडायचे तर खाते पुरे भरून, कागद हातात घेऊन पडावे. वाशिष्ठीकाठ यांचे गणित राहिलेले असताना नव्हे.

सुपारीबाग

मुक्त विद्यापीठाचा कोणी उल्लेख केला नाही, म्हणून विचारते. नाशिकचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नोकरी करणाऱ्यांसाठीच चालले आहे आणि मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे दूरशिक्षण १९७१ पासून आहे. दूरस्थ आणि ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीशी समकक्ष आहे, असे आयोगाने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्टही केले. मग यांनी तिकडे का जाऊ नये?

परीक्षा_खिडकी

ताई, कला किंवा वाणिज्य शाखेचा विद्यार्थी असता तर हाच सल्ला मी पहिल्या ओळीत दिला असता. रसायनशास्त्राला प्रयोगशाळा लागते, त्यामुळे तिकडे जायचे म्हणजे बहुधा शाखाच बदलायची, आणि शाखा बदलली की मेजरच्या रकान्यातली चार सत्रांची २८ क्रेडिट नव्या आराखड्यात कुठे बसवायची हा प्रश्न येतो. या मुलाची नोकरीच रसायनशास्त्रावर आहे. दोन सत्रे उरलेली असताना ते सोडू नये, असे मला वाटते. आणि ज्यांना जायचेच आहे त्यांनी जाहिरात पाहून जाऊ नये. त्या संस्थेला त्या अभ्यासक्रमासाठी, त्या वर्षासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, हे यादीत स्वतः पाहावे.

मुदतबाह्य यांचे म्हणणे मला मान्य आहे. टिकून राहा असे मी म्हणतो ते या मुलाच्या चार अडलेल्या क्रेडिटांमुळे. सगळ्यांनाच तो नियम लावू नये.

वाशिष्ठीकाठ (प्रश्नकर्ता)

काका, सर, ताई, सर्वांचे मनापासून आभार. काल डिजिलॉकर उघडून पाहिले. पहिली तीन सत्रे दिसतात, चौथे अजून आलेले नाही. कारखान्यातल्या साहेबांना दुसऱ्या पाळीबद्दल विचारले. साडेतीन ते बारा अशी ती पाळी असून रात्री परतीची बस कंपनीची आहे. डिसेंबरपर्यंत तीच पाळी द्यायला ते तयार झाले, त्यापुढचे तेव्हा पाहू म्हणाले. सकाळची व्याख्याने त्यामुळे साधतील. प्रयोगशाळेचे तास मात्र बुधवारी आणि शुक्रवारी दुपारी बारा ते चार असे आहेत, म्हणजे त्या दोन दिवशी पाळीला उशीर होतो. बॅच बदलून मिळेल का ते विचारायचे आहे. आणि अर्ज कसा लिहायचा? मी एकाच अर्जात सगळे लिहिणार होतो.

परीक्षा_खिडकी

एकाच अर्जात लिहू नकोस. एका कागदावर चार मागण्या असल्या की तो कागद चार टेबलांवर फिरतो आणि चौथ्या टेबलावर राहतो. तीन वेगळे अर्ज कर. प्रात्यक्षिकाची बॅच बदलण्याचा विभागप्रमुखांच्या नावे. त्याला वडिलांच्या रुग्णालयातून मिळालेल्या डिस्चार्ज कार्डाची प्रत आणि कारखान्याचे पाळीचे पत्र जोड. ओजेटीचा दुसरा, त्यात कामाचे स्वरूप पाच-सहा ओळींत लिही, पगाराचा आकडा लिहू नकोस, कोणी विचारत नाही. तिसरा प्राचार्यांच्या नावे, पाचव्या सत्राच्या मायनरऐवजी स्वयमचा अमुक अभ्यासक्रम चालेल का याबद्दल. त्यात अभ्यासक्रमाचा सांकेतिक क्रमांक, आठवडे, क्रेडिट आणि आपल्या पेपराशी जुळणारे घटक शेजारी शेजारी मांड, म्हणजे ज्याला विद्यापीठाकडे पाठवायचे त्याला नवे काही लिहावे लागणार नाही. तिन्ही अर्जांवर पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) घाल. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस. स्वयमचे उत्तर वर्ग सुरू होईपर्यंत आले नाही, तर ते नाही असे समजून गणिताच्या वर्गात बसायला लाग.

आणि चौथ्या सत्राच्या एटीकेटीचा फॉर्म सुटला की पहिल्या दिवशीच भर.

फळा_खडू

चौथ्या सत्राचा तो पेपर कोणता होता, तेवढे कळवा. डिफरन्शियल इक्वेशन्सचा असेल, तर सरावासाठी सोडवलेली उदाहरणे माझ्याकडे वर्गासाठी काढून ठेवलेली आहेत.

वाशिष्ठीकाठ (प्रश्नकर्ता)

सर, तोच आहे. पहिला भाग येतो, लाप्लासपासून पुढे गाडी अडते.

आज दोन अर्ज दिले. बॅचचा अर्ज विभागप्रमुखांनी वाचून लगेच सही केली. बुधवारची प्रात्यक्षिके आता मंगळवारी सकाळी साडेसातच्या बॅचबरोबर करायची, शुक्रवारचे पाहू म्हणाले. ओजेटीबाबत त्यांचे म्हणणे असे पडले की तास सहाव्या सत्रातलेच धरले जातील, पण जागा हीच चालेल आणि रोजनिशी आत्तापासून ठेवली तर अहवाल लिहायला उपयोगी पडेल. स्वयमचा अर्ज उद्या देतो. आजच्या दोन्ही प्रतींवर शिक्का घेतला आहे. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक टाकायला लिपिकबाई विसरल्या होत्या, म्हणून खिडकीवरून परत फिरून तो टाकून घेतला.